पाच पाट्या आणि गोल शिक्का

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कामरगावच्या सार्वजनिक वाचनालयाचे मानद सचिव इंद्रभान सिरसाट यांनी पुण्याहून आलेल्या पाच ई-रीडरांच्या पडद्यांवर वाचनालयाचा गोल शिक्का मारला. पाचही शिक्के स्वच्छ उमटले. एकही तिरपा नव्हता.

घडलं ते एवढंच. बाकीचे सगळे त्याचे परिणाम आहेत आणि ते अजून चालू आहेत.

ई-रीडर म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत कामरगावात फारसं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगायला हवं. शाळेतल्या लहान पाटीएवढं यंत्र. काळी कड, आत राखाडी पडदा. तो मोबाइलसारखा चमकत नाही, डोळ्यांत खुपत नाही. हात फिरवला तर जाड कागदावरून फिरवल्यासारखा वाटतो. बोट सरकवलं की पान उलटतं. एका यंत्रात दोन कपाटं भरतील एवढी पुस्तकं मावतात आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याला 'पाटी' म्हणायला सुरुवात केली आणि माहितीपत्रकातलं नाव माहितीपत्रकातच राहिलं.

पाट्या पाठवल्या होत्या पुण्याच्या पानोपानी प्रतिष्ठानने. खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांना ते वर्षभरासाठी पाच-पाच पाट्यांचा संच देतं. अट अशी की वाचन झालं पाहिजे. किती पानं उलटली याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं आणि इंटरनेट मिळालं की पुण्याला कळवतं. वापर कमी दिसला किंवा यंत्रांची हेळसांड झाली, तर संच उचलून यादीतल्या पुढच्या वाचनालयाला जातो. कामरगावच्या पुढचं नाव शिरपूरचं होतं. हे पत्रात वाचल्यापासून इंद्रभानांना शिरपूरचा उल्लेखही सहन होईना. मेहुणीच्या मुलीचं लग्न तिथे ठरत होतं, तर त्यांनी दुसरं गाव बघायला सुचवलं.

खरं तर या पाट्यांची निकड गावात एकाच व्यक्तीला होती. वैजयंतीबाई काळबांडे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला आणि पुस्तकातलं अक्षर मुंग्यांसारखं पळायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर टिकवू, गेलेली येणार नाही. मोठं अक्षर असेल तर वाचता येईल. त्या वेळी बाई तीन पिढ्यांची एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. ती अर्ध्यात बंद झाली. कुणी वाचून दाखवतो म्हटलं, तर बाई ऐकायच्या नाहीत. "मी आंधळी नाई झाली. आन् दुसऱ्याच्या तोंडून कादंबरी म्हनजे दुसऱ्यानं चावलेला घास," असं त्यांनी एकदा इंद्रभानांच्या तोंडावर सांगितलं होतं. वाचून दाखवण्याची तयारी इंद्रभानांनीच दाखवली होती. प्रतिष्ठानला अर्ज करायचं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आता शिक्का का मारला, हा प्रश्न. तो नंतर बऱ्याच जणांनी विचारला आणि प्रत्येक वेळी इंद्रभान दुखावले गेले. कारण त्यांच्या मते प्रश्न उलटा हवा होता: का मारू नये? त्यांची सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. शिक्का न मारलेली वस्तू त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकली नव्हती. वाचनालयाचाही नियम होता. नवीन पुस्तक आलं की पहिल्या पानावर एक शिक्का आणि पंचविसाव्या पानावर दुसरा. हा दुसरा चोरासाठी. चोर पहिलं पान फाडतो, पंचविसावं त्याच्या लक्षात येत नाही. या नियमाशिवाय एकही पुस्तक वाचकाच्या हाती जायचं नाही. पाट्या पुस्तकांच्या होत्या, वाचकांच्या हाती जायच्या होत्या. शिक्का मारला.

शिक्काही साधा नव्हता. वाचनालयाच्या नावात संस्थापकांचं पूर्ण नाव, मग गाव, तालुका, जिल्हा, स्थापनेचं साल आणि मधोमध तेवती समई, एवढं बसवायचं म्हणून तो बशीएवढा करून घेतला होता. शाईसुद्धा साधी नव्हती. पार्सलच्या कापडावर मारायची जांभळी शाई. पावसात भिजलं तरी पत्ता पुसला जाऊ नये म्हणून ती टपाल खात्यात इंद्रभान स्वतः वापरत, आणि तशीच बाटली त्यांनी वाचनालयासाठी मुद्दाम मागवली होती. पडद्यावर एक पातळ पारदर्शक कागद चिकटवलेला होता; तो त्यांनी आदल्या दिवशीच सोलून टाकला. नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं न काढणाऱ्या घरांबद्दल त्यांची मतं तीव्र होती.

तर, ग्रंथपाल हरीओमने पाचही पाट्या सुरू करून पहिल्या पानावर ठेवल्या. इंद्रभान उभे राहिले. शिक्का उभ्यानेच मारायचा असतो. ठप, ठप, ठप, ठप, ठप.

"आता पंचविसावं पान काढ," ते म्हणाले.

हरीओमने पहिल्या पाटीवर बोट सरकवत पंचविसावं पान काढलं. त्यावर शिक्का आधीच होता.

इंद्रभान वाकून बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांत न दिसलेलं समाधान पसरलं. "वा," ते म्हणाले. "एका शिक्क्यात सगळी पानं. हे पाह्य हरीओम, याले म्हनतात तंत्रज्ञान."

हरीओमने आणखी एक पान उलटलं. शिक्का. दुसरं पुस्तक उघडलं. शिक्का. यंत्र बंद केलं. शिक्का.

"सायब," हरीओम म्हणाला, "हे पानावर नाई आलं. हे काचीवर आलं."

इंद्रभानांनी नखाने शिक्क्याची कड खरवडून पाहिली. मग म्हणाले, "कृपया ओलं फडकं आणावं." ते चिडले की शुद्ध बोलत. त्या आठवड्यात ते जवळपास सलग शुद्ध बोलले.

ओल्या फडक्याने काही झालं नाही. होणारच नव्हतं. आपल्या शाईची इतकी खात्री त्यांना पूर्वी कधी पटली नव्हती आणि नको तेव्हा पटली.

पाट्या पुसून मगच वाटायच्या, असं ते ठरवत असतानाच वैजयंतीबाई दारात आल्या. पाट्या आल्याची बातमी त्यांना बहुधा पाट्यांच्या आधी कळली होती. त्यांनी टेबलावरची एक पाटी उचलली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली.

"हे मधात काय हाये?"

"वाचनालयाचा शिक्का आहे, बाई."

"तो दिसते मले. चष्मा न लावता दिसते. इतक्या मोठ्या अक्षरात तुमच्या वाचनालयानं आजवर काहीच ठेवलं नाई."

"पुसून देतो. उद्या न्या."

"दीड वर्ष थांबली मी, सिरसाटभाऊ. आता उद्या नोको." त्यांनी हरीओमकडून अक्षर बोराएवढं करून घेतलं, ती कादंबरी शोधून घेतली, पाटी पिशवीत टाकली आणि सही करून गेल्या. नियमाप्रमाणे त्यांना थांबवायला हवं होतं. पण नियमाप्रमाणे शिक्का तर झालेला होता.

राहिल्या चार.

इंद्रभानांनी प्रामाणिक माणसाने करायची ती गोष्ट केली. प्रतिष्ठानच्या मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्र हरवलं असल्यास एक दाबा, चोरीला गेलं असल्यास दोन, फुटलं असल्यास तीन. आमच्याच हातून शिक्का पडला असल्यास काय दाबायचं, हे सांगितलेलं नव्हतं. बऱ्याच संगीतानंतर संस्कृती नावाची एक मुलगी बोलायला आली. अतिशय गोड आवाजात.

"सर, यंत्र सुरू होतंय का?"

"होतंय."

"पानं उलटतायत?"

"उलटतायत."

"मग अडचण काय येतेय, सर?"

"शिक्का आहे."

"कोणाचा?"

"आमचा."

"तुम्हीच मारलाय का, सर?"

"नियमाप्रमाणे मारलाय."

"तुम्ही एक फोटो पाठवता का, सर?"

फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: 'यंत्रे पोचल्याची पावती मिळाली. शिक्का स्पष्ट आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

इंद्रभानांनी एकही तारा दिला नाही. त्या रात्री जेवताना त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं, आणि इथून प्रकरण त्यांच्या हातातून निसटलं.

"हात्तेरी, एवढंच?" केशरबाई म्हणाल्या. "खोबऱ्याचं तेल लावा ना. गाडीवरचं डांबर निंगते, तुमची शाई काय चीज हाये. आना एक इकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारभर केशरबाई टीव्हीसमोर पाटी मांडीवर घेऊन बसल्या आणि तेलाच्या बोटांनी गोल गोल घासत राहिल्या. मालिकेत भांडण सुरू झालं की हाताचा वेग वाढे. संध्याकाळी पाटी परत मिळाली तेव्हा शिक्क्याची कड गेलेली होती. शाई मात्र गेली नव्हती, पसरली होती. पूर्वी जिथे शिक्का होता तिथे आता जांभळा ढग होता, आणि कुठलंही पुस्तक उघडलं तरी ते आभाळ भरून आलेलं असताना वाचतोय असं वाटे.

हे शेजारच्या रंगूबाईंनी कुंपणावरून पाहिलं. कुंपणावरून न दिसणारी गोष्ट त्या गल्लीत अजून घडलेली नाही.

"तेलानं कोनी पुसते काय, केशरबाई? टूथपेस्ट लावा लागते. माह्या सुनेनं भिंतीवरच्या पेनाच्या रेघा टूथपेस्टनं काढल्या. द्या मले एक, मी करून देतो."

दुसरी पाटी कुंपणावरून पलीकडे गेली. पुढच्या दिवशी ती परत आली, तेव्हा शिक्का खरोखरच फिका झालेला होता. अक्षरंही तेवढीच फिकी झाली होती. पडद्याचा खडबडीतपणा घासून गेला होता आणि त्यावर मधोमध दुधी डाग पडला होता. वास मात्र छान येत होता.

"निंगाला का नाई अर्धा?" रंगूबाईंनी विचारलं.

"निघाला," इंद्रभान म्हणाले. "आभारी आहे."

तिसरी पाटी मुन्नाकडे गेली. मुन्नाचं एसटी स्टॅंडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. निदान हा तरी जाणकार, म्हणून इंद्रभान स्वतः घेऊन गेले. मुन्नाने पाटी वर-खाली केली, कानाशी नेऊन हलवली आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"काका, हे तर काहीच नाई. थिनर मारतो. दोन मिन्टं."

"पडद्याला काही होणार नाही ना?"

"काका, चिठ्ठ्या कशा वाटाच्या हे मी कधी तुमाले सांगतलं काय? मंग मी थिनर मारून राह्यलो तं तुमी काहून बोलता?"

थिनरने शिक्क्याच्या मधली समई आणि संस्थापकांचं नाव साफ निघालं. बाहेरचं वर्तुळ आणि 'जि. वाशीम' तसंच राहिलं. शिवाय पाटीची काळी कड थिनरने मऊ पडली आणि तीत मुन्नाच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला, इतका सुरेख की तहसील कार्यालयानेही मान्य केला असता. "कंपनीचा माल हलका हाये," मुन्ना म्हणाला.

चौथी पाटी लपवून ठेवायचा इंद्रभानांचा विचार होता. पण वाचनालयाचे अध्यक्ष शालिग्रामजी गावंडे यांच्यापासून काही लपवणं शक्य नसतं. ते वाचायला कधी येत नाहीत, म्हणून पाहायला नेहमी येतात. सोयाबीन, तूर आणि गावातल्या बहुतेक समित्यांचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आहे.

"सिरसाटभाऊ, तुमी सारे उलटं करून राह्यले. ओलं काहून लावता? उन्हात ठेवा. माह्या ट्रॅक्टरची नंबर पलेट एका उन्हायात कोरी झाली. आरटीओवाला म्हने नंबर कुठी हाये, म्या म्हटलं सूर्याले विचार."

"ते यंत्र आहे, अध्यक्ष महाराज. तापतं."

"अध्यक्ष मी हाव का तुमी?"

एप्रिलचं ऊन होतं. शालिग्रामजींनी हरीओमकरवी पाटी वाचनालयाच्या गच्चीवर ठेवली आणि कावळ्याने नेऊ नये म्हणून दोन बाजूंनी विटा लावल्या. दुपार कलताना खाली आणली तेव्हा ती नानकटाईसारखी फुगली होती. शाई जशीच्या तशी होती. पडदा मात्र एकाच पानावर कायमचा अडकला होता. पान शेळीपालनाच्या पुस्तकातलं होतं. करडांना पहिल्या दिवशी चीक पाजावा, असं त्यावर लिहिलं होतं, आणि काहीही केलं तरी दुसरा दिवस येत नव्हता.

इथवर हे प्रकरण निदान गावातलं होतं.

सोमवारी प्रतिष्ठानकडून मेल आला. हरीओमने तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच त्याचा आवाज बारीक झाला. गेल्या आठवड्यात सर्वाधिक पानं उलटणारं वाचनालय म्हणून कामरगावची निवड झाली होती. सगळ्या जिल्ह्यांत पहिला क्रमांक. विशेष म्हणजे, मेलमध्ये लिहिलं होतं, तिथल्या एका वाचकाने एका दुपारी पाच कादंबऱ्या, एक शब्दकोश आणि सहकारी संस्थांचा कायदा संपूर्ण वाचला.

इंद्रभान खुर्चीत बसले. "बुधवार दुपार," ते म्हणाले.

"हव," हरीओम म्हणाला. "काकूंनं तेल लावलं तवा."

घासताना बोट सरकत होतं. बोट सरकलं की पान उलटतं, पुस्तक संपलं की पुढचं उघडतं. केशरबाईंनी मालिकेच्या दोन भागांत मराठी भाषेचा शब्दकोश अ ते ज्ञ पार केला होता. रंगूबाईंनी टूथपेस्टने आरोग्याची सगळी पुस्तकं संपवली होती. वैजयंतीबाईंच्या पाटीचा आकडाही मोठा होता. पण त्यांचं अक्षर एवढं मोठं होतं की एका पानावर जेमतेम नऊ-दहा शब्द बसत, आणि तीन पिढ्यांची कादंबरी त्यांच्या पाटीवर काही हजार पानांची झाली होती. पुण्याला पानं दिसत होती. तेल दिसत नव्हतं.

इंद्रभानांनी त्याच दुपारी सविस्तर पत्र लिहायला घेतलं. शिक्का, शाई, तेल, टूथपेस्ट, थिनर, ऊन, असे मथळे देऊन. शालिग्रामजींनी ते खांद्यावरून वाचलं.

"खरं सांगाची एवढी घाई काहून करून राह्यले, सिरसाटभाऊ? सत्कार तं होऊ द्या."

"सत्कार कशाचा? घासण्याचा?"

"मेहनत तं झाली ना?"

पत्र गेलं. उत्तर लगेच आलं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' त्याखाली पुन्हा तारे होते. आणि त्याखाली, प्रतिष्ठानचे जिल्हा समन्वयक अमरदीप मंगळवारी सकाळी सत्कारासाठी वाशीमहून येत आहेत, असं होतं. पत्र कुणी वाचलं नव्हतं हे उघड होतं. इंद्रभानांनी आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवली होती. आपलं एक पत्र पोचून न पोचल्यासारखं झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

अमरदीप मोटारसायकलवर आले. घामेघूम, पाठीवर बॅग, बॅगेत शाल आणि एक घडी केलेला बॅनर. पस्तिशीतला शांत माणूस. शालिग्रामजींनी सगळ्या समित्यांचे सदस्य बोलावले होते आणि बसायला शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या. वैजयंतीबाईंनी निरोप पाठवला होता की त्या वाचत आहेत.

"सगळ्यात आधी मला त्या वाचकाला भेटायचंय," अमरदीप म्हणाले. "सहकार कायदा वाचणाऱ्या."

सगळ्यांनी केशरबाईंकडे पाहिलं. त्या बायकांच्या खुर्च्यांत, नव्या साडीत बसल्या होत्या.

"ताई, तुम्ही? एका दुपारी एवढं वाचलंत? काय आवडलं त्यात?"

"मी वाचलं नाई, बाप्पू," केशरबाई म्हणाल्या. "मी घासलं."

अमरदीप हसले. मग त्यांना दिसलं की आणखी कुणी हसत नाही.

इंद्रभान उठले, कपाट उघडलं आणि चारही पाट्या टेबलावर ओळीने मांडल्या. डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने बिघडल्या त्या क्रमाने. मग त्यांनी उभं राहून सगळा वृत्तांत सांगितला, काहीही न वगळता. शालिग्रामजी दोनदा खाकरले. मुन्ना दारातून बाहेर सटकला. अमरदीपांनी एकेक पाटी हातात घेतली. ढग पाहिला. दुधी डाग पाहिला, वास घेतला. अंगठ्याच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. शेळीच्या पानावर बराच वेळ बोट सरकवत राहिले.

"हे उलटत नाही," इंद्रभान म्हणाले.

"हो. कळलं." अमरदीप खुर्चीत बसले. त्यांनी कामरगावचं नाव 'आदर्श केंद्र' म्हणून सकाळीच वर कळवलं होतं, पुण्याच्या साहेबांनी त्यावर शाबासकीचा अंगठाही पाठवला होता. "सर, तुम्ही हे आधी का नाही कळवलं?"

इंद्रभानांनी मोबाइलमधलं पत्र, पत्राचं उत्तर आणि उत्तराखालचे तारे त्यांच्यासमोर धरले. अमरदीपांनी ते वाचलं आणि पाणी मागितलं.

"पाचवी कुठे आहे?"

"वाचकाकडे. तिच्यावर फक्त शिक्का आहे. चालू आहे. तिच्यावर खरोखर वाचन होतंय. या चार न्या. जो काही ठपका असेल तो माझ्या नावावर टाका. पाचवी राहू द्या."

"तसं नाही जमत, सर. संच एकच असतो, नंबर एकच असतो. चार परत आणि एक वापरात असं सिस्टीम घेतच नाही. परत म्हटलं की पाचही परत. चौकशी होईल, मग नवीन संचाचा विचार होईल."

"किती दिवसांत?"

अमरदीपांनी बॅगेची चेन लावली. हे उत्तर इंद्रभानांना टपाल खात्यापासून पाठ होतं.

"आन् तोवर शिरपूरले?" शालिग्रामजींनी विचारलं.

"नवीन आलेला पुढचा संच तिकडे. यादीप्रमाणे."

"ते वैजयंतीबाई आहेत," इंद्रभान म्हणाले. "त्यांना पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. पाटीवरचंच दिसतं."

"सर, मला कळतंय. मी माझ्या बाजूने लिहितो तसं. पण रिपोर्ट उद्या संध्याकाळी बंद होतो. तोपर्यंत पाचवी वाशीमला माझ्या हातात पाहिजे, नाहीतर ती हरवली म्हणून नोंद होईल आणि हरवली म्हटलं की कामरगावचं नाव यादीतून कायमचं जाईल. मग नवीन संचही नाही." ते उठले. शाल बॅगेतच राहिली. बॅनर जाताना शालिग्रामजींनी मागून घेतला. मागची बाजू कोरी होती, तुरीवर झाकायला बरा, असं ते म्हणाले.

बुधवारी सकाळी अकराला इंद्रभान वैजयंतीबाईंकडे निघाले. कारंज्याची चारची एसटी, तिथून वाशीम, असा हिशेब होता. जाताना ते वाचनालयात थांबले आणि काय बोलायचं ते हरीओमसमोर एकदा बोलून पाहिलं. शुद्ध भाषेत. हरीओम म्हणाला, "सायब, इतकं शुद्ध बोलसान तं त्यायले वाटन कोनी वारलं."

बाई पडवीत खाटेवर बसल्या होत्या. पाटी दोन्ही हातांत, डोळ्यांपासून वितीवर. इंद्रभान समोरच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. संच, नंबर, रिपोर्ट, यादी. बाई ऐकत होत्या असं वाटत होतं. मधून मधून बोट सरकत होतं.

"म्हनजे आता नाई देल्ली तं कामरगावले पुन्हा येनार नाई," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

"आन् देल्ली तं येईन काय?"

इंद्रभानांनी इतक्या दिवसांत बऱ्याच लोकांना खरं सांगितलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. "माहीत नाही," ते म्हणाले.

"एक प्रकरन राह्यलं. शेवटचं. ते झालं की घेऊन जा. पाटी हरवली म्हनून तुमच्या वाचनालयाचं नाव मी कटू देनार नाई."

"किती वेळ लागेल?"

"तुमचा शिक्का मधात हाये. प्रत्येक पानावर एक-दोन शब्द त्याच्याखाली जाते. ते मले लावा लागते अंदाजानं. तुमाले काय वाटते, लवकर होईन?" त्यांनी खाटेवर थोडं सरकून जागा केली. "इथं बसा. अंदाज चुकला तं सांगजा. वाचून दाखवाचं नाई, निस्तं सांगाचं."

दोन वाजता हरीओम डबा घेऊन गेला. डबा साहेबांचा होता, केशरबाईंनी पाठवलेला. परत येऊन त्याने केशरबाईंना सांगितलं की दोघं पाटीवर वाकलेले होते आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. नायकाच्या नातवाने घर सोडायचं ठरवलं होतं आणि त्याने आईला निरोप काय दिला, त्यातला नेमका शब्द शिक्क्याखाली होता. बाई म्हणत होत्या 'येतो'. साहेब म्हणत होते 'जातो'. ते वऱ्हाडीत बोलत होते.

"मंग?" केशरबाईंनी विचारलं.

"मंग बाई म्हने, पुढच्या पानावर समजन. उलटू काय? तं सायब म्हने, थांबा, माह्यं व्हाचं हाये."

साडेतीन वाजता अमरदीपांचा फोन वाचनालयात आला. इंद्रभानांचा मोबाइल बंद लागतो, ते निघाले का, असं विचारत होते. हरीओमने सांगितलं की ते वाचकाकडे वसुलीला गेले आहेत. सव्वातीनला त्याने स्वतः जाऊन पाहिलं होतं. पाटीच्या कोपऱ्यात प्रकरण किती उरलं ते दिसतं, तिथे अर्ध्याहून जास्त होतं.

कारंज्याची चारची एसटी वेळेवर आली. चौकात थोडी थांबली, कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली आणि ती गेली. तीत इंद्रभान सिरसाट नव्हते. पुढची पाचला आहे.